दोन्ही बाजू दाखवल्या, क्रम चुकला



मागच्या महिन्यात आपण आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' दाखवला. तीन तासांहून मोठा माहितीपट, रविवारची दुपार, त्यात हॉलचे हीटिंग बिघडलेले. तरी निम्म्याहून जास्त लोक कोट घालून शेवटपर्यंत बसले, याबद्दल आपण स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. नंतर चहाच्या वेळी आपल्यातले एक ज्येष्ठ सभासद माझ्याशी बोलले. गृहस्थ सज्जन, भरपूर वाचणारे, एकही कार्यक्रम न चुकवणारे. ते म्हणाले, "फिल्म चांगलीच आहे हो, पण एकतर्फी आहे. पोलिसांची बाजू कुठे आली त्यात?"

गोष्ट तेवढ्यावर राहिली असती तर हा लेख लिहिला नसता. पण पुढे समितीच्या बैठकीत तोच मुद्दा सूचना म्हणून आला. पुढच्या वेळी आपण 'द बॅटल फॉर ऑरग्रीव्ह' हा १९८५ चा माहितीपट दाखवणार आहोत. त्याबरोबर 'समतोल' राहावा म्हणून दुसरी बाजू मांडणारा एक वक्ता बोलवावा, आणि यापुढे आंदोलने व पोलीस यांवरच्या प्रत्येक फिल्मच्या वेळी हाच नियम ठेवावा, अशी ती सूचना आहे. मी विरोध केला. तेव्हा मला नीट बोलता आले नाही, उगाच आवाज चढला. म्हणून आता शांतपणे लिहिते आहे.

आमच्यापैकी जे शेफील्डच्या आसपास राहतात त्यांना ऑरग्रीव्ह हे नाव रॉदरहॅमकडे जाताना पाटीवर दिसते. मला तर ते कामाच्या निमित्तानेच भेटले. तिथल्या जुन्या कोक कारखान्याच्या आणि खाणीच्या जागेवर आज वेव्हर्ली नावाची नवी वसाहत आहे, आणि शेजारीच ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग पार्क आहे. चकचकीत काचेच्या इमारती, विमानाचे भाग घडवणारी यंत्रे. मी धातूंवर काम करते. आमचे नमुने चाचणीसाठी तिकडे जातात, कधीकधी त्यांच्याबरोबर मीही जाते. पहिली दोन-तीन वर्षे आपण कुठे उभे आहोत याची मला गंधवार्ता नव्हती.

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला. सुमारे वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. खाणकामगारांचा संप सुरू झाला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. (मुंबईकरांना १९८२ चा गिरणी संप आठवेल. तो तर अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, नुसता विरून गेला. त्या दोन संपांची तुलना हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ऑरग्रीव्हच्या कारखान्यातून स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्याकडे कोकचे ट्रक जात असत. ते अडवण्यासाठी १८ जून १९८४ रोजी देशभरातून हजारो खाणकामगार तिथे जमले. देशभरातूनच हजारो पोलीसही जमले. दिवस उन्हाचा होता. फोटोंमध्ये कितीतरी कामगार नुसत्या टी-शर्टवर, काही तर उघडेच दिसतात. समोर लांब ढालींच्या रांगा, मागे घोडेस्वार, कुत्रे, आणि छोट्या ढाली व दंडुके घेतलेल्या तुकड्या. घोडे गर्दीत घातले गेले, एकदा नव्हे अनेकदा, आणि पळणाऱ्यांचा पाठलाग रेल्वे रुळांपलीकडे गावापर्यंत झाला. त्या दिवशीचा जॉन हॅरिस या छायाचित्रकाराचा एक फोटो पुढे जगभर गेला. घोड्यावरचा पोलीस खाली वाकून एका बाईच्या डोक्याच्या दिशेने दंडुका फिरवतो आहे आणि तिच्या हातात कॅमेरा आहे.

संध्याकाळी लोकांनी टीव्ही लावला. बीबीसीच्या बातम्यांत आधी कामगार दगड मारताना दिसले, मग पोलिसांचे घोडे चालून गेले. पाहणाऱ्याच्या मनात अर्थ आपोआप जुळतो. दगड आले म्हणून घोडे गेले. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. घोडे आधी गर्दीत शिरले आणि पडद्यावर दिसलेली दगडफेक त्यानंतरची होती. १९९१ साली बीबीसीने एका पत्रात हे मान्य केले, की बातमी घाईत जोडताना पोलीस आणि निदर्शक यांच्या कृतींचा क्रम नकळत उलटा झाला. नकळत, हा शब्द आपण मान्य करू. मला इथे कुणाचा हेतू सिद्ध करायचा नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.

मला दाखवायचे आहे ते एवढेच, की ती बातमी अगदी समतोल होती! निदर्शक दिसले, पोलीस दिसले. प्रत्येक दृश्य खरे होते. कुठलाही दगड खोटा नव्हता, कुठलाही घोडा खोटा नव्हता. दोन्ही बाजू होत्या. फक्त त्यांच्यामधली वेळ उलटी होती, आणि तेवढ्याने लोकांवर हल्ला करणारे बचाव करणारे ठरले. 'दुसरी बाजू दाखवली का?' ही आपली कसोटी त्या बातमीला लावली तर ती शंभरपैकी शंभर गुणांनी पास होते. जी कसोटी अशी बातमी पास करते ती कसोटी आपण आपल्या कार्यक्रमांना का लावायची?

त्याच संध्याकाळी आयटीएनच्या बातम्यांत एक पोलीस एका कामगाराला दंडुक्याने पुन्हापुन्हा मारताना दिसला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे सगळी माध्यमे एकाच माळेचे मणी होती असे नव्हे. तो संप वार्तांकन करणाऱ्यांनाही सोपा नव्हता. संपकरी कॅमेरेवाल्यांवर चिडलेले असत, त्यामुळे कॅमेरे बहुधा पोलिसांच्या मागे किंवा बाजूला उभे राहत. पण त्याचा परिणाम समजून घ्या. कॅमेरा पोलिसांच्या मागे असेल तर दगड तुमच्या अंगावर येताना दिसतो आणि घोडा तुमच्यापासून दूर जाताना दिसतो. कॅमेरा समोर असेल तर नेमके उलटे. यात कुणी खोटे बोललेले नसते. तिपाई कुठे ठेवली एवढाच प्रश्न असतो.

पुढची हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी आकडे सांगते. ९५ जणांवर खटले भरले गेले, त्यांतल्या बहुतेकांवर दंगलीचा आरोप होता. त्या काळी दंगलीच्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. पहिल्या १५ जणांचा खटला १९८५ मध्ये शेफील्डच्या न्यायालयात ४८ दिवस चालला आणि कोसळला. अनेक पोलिसांच्या जबान्यांची सुरुवात शब्दशः सारखी निघाली, कारण तो मजकूर त्यांना सांगून लिहून घेतला होता. शिवाय पोलिसांनी स्वतः केलेले चित्रीकरण न्यायालयात आले, आणि ते फिर्यादीपेक्षा बचाव पक्षाच्याच उपयोगी पडले. बाकीचे खटले सोडून देण्यात आले. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशर पोलिसांनी ३९ कामगारांना मिळून ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली, मात्र चूक कबूल केली नाही. एकाही पोलिसावर कारवाई झाली नाही. २०२५ च्या जुलैमध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, ब्रिटिश सरकारने या प्रकरणाची सार्वजनिक चौकशी जाहीर केली. शेफील्डचे बिशप तिचे अध्यक्ष. आपण हा माहितीपट आत्ता दाखवतो आहोत तो याचसाठी.

माझ्याबरोबर काम केलेले एक तंत्रज्ञ आता निवृत्त झाले आहेत. त्यांचे वडील त्या दिवशी ऑरग्रीव्हला होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सहज सांगितलेली गोष्ट मी विसरू शकत नाही. वडील रात्री घरी आले, दंडावर निळा वळ. आई टीव्हीसमोरून उठली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही आधी दगड का मारलेत?" तो माणूस काही बोललाच नाही. वरच्या खोलीत जाऊन झोपला. तंत्रज्ञ म्हणाले, "आई त्यांच्या बाजूची होती. संपात स्वयंपाकघर चालवायची ती. तरी तिने टीव्हीवर विश्वास ठेवला." घरातल्या माणसाच्या अंगावरच्या वळापेक्षा पडद्यावरचा क्रम जास्त खरा वाटला.

आता 'एकतर्फी' माहितीपटांकडे वळते. संप चालू असतानाच स्वतंत्र चित्रपटगटांनी 'द मायनर्स कॅम्पेन टेप्स' नावाच्या छोट्या व्हिडिओ फिती काढल्या. व्हीएचएस कॅसेटवर त्या कामगारांच्या क्लबांतून, युनियनच्या कचेऱ्यांतून फिरल्या. त्यांतल्या एकीचे नाव 'द लाय मशीन', विषय वृत्तपत्रे आणि टीव्ही. दुसरीचे नाव 'ओन्ली डुइंग देअर जॉब?', विषय पोलीस. या फितींनी समतोलाचा आव कधीच आणला नाही. त्या कामगारांसाठी आणि कामगारांच्या बाजूने होत्या, नावातच ते होते. त्यांना १९८५ मध्ये माहितीपटांसाठीचा ग्रिअर्सन पुरस्कार मिळाला. केन लोच यांची 'विच साइड आर यू ऑन?' ही फिल्म तर ज्या वाहिनीने ती करून घेतली तिनेच दाखवायचे नाकारले, मग १९८५ च्या जानेवारीत ती चॅनल फोरवर आली. विषय काय होता, तर खाणकामगारांच्या कविता आणि गाणी! कवितेतही समतोल हवा होता बहुधा. आणि आपण दाखवणार आहोत तो इव्हेट व्हॅन्सन यांचा माहितीपट, ज्यात त्या खटल्यातून सुटलेली माणसे बोलतात. तोही उघडउघड एका बाजूने उभा आहे. पण त्या दिवशी काय आधी झाले आणि काय नंतर, याबाबत या एकतर्फी लोकांचे म्हणणे बरोबर निघाले आणि समतोल बातमीचे चूक.

इथे माझ्या धंद्यातले थोडे सांगते. धातूचा भाग तुटला, एखादा बोल्ट, एखादी कडी, की तो आमच्याकडे येतो. तो का तुटला, म्हणजे मुख्यतः तडा कुठून आणि कधी सुरू झाला, हे आम्ही शोधतो. तुटलेल्या पृष्ठभागावर तडा पुढे सरकत गेल्याच्या बारीक रेषा असतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. त्या उलट्या दिशेने वाचत गेले की सुरुवातीचा बिंदू सापडतो. नवीन विद्यार्थ्याला आम्ही पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतो, ती म्हणजे तुटलेले दोन तुकडे एकमेकांवर बसवून बघायचे नाहीत. मोह खूप होतो. पण ते बसवताना रेषा घासल्या जातात आणि पुरावा नाहीसा होतो. तुकडे छान जुळतात, आणि कुठून तुटले ते कायमचे कळेनासे होते.

आमच्या क्षेत्रात कुणी मला विचारत नाही, की तुमच्या अहवालात बोल्ट बनवणाऱ्याची बाजू किती टक्के आली. विचारतात ते वेगळेच. नमुना कुठून घेतला, किती वाजता, वाटेत कुणाच्या हातात होता, काय काढून टाकले, आणि मूळ तुकडा अजून ठेवला आहे का. मला निष्कर्षाबद्दल ठाम मत असायला कुणाची हरकत नसते. मूळ तुकडा फेकून दिला तर मात्र माझी नोकरी जाईल, आणि जावी.

आता रमाबाई नगर. 'जय भीम कॉम्रेड' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक संतापले, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसे मेली. पोलिसांनी कारण सांगितले, की रस्त्यावर गॅसचे टँकर होते आणि जमाव ते पेटवणार होता. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. घोगरे पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये गायले होते, आणि 'जय भीम कॉम्रेड' ची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. चित्रपट पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. त्या काळात न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीचे नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली. पुढे त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. टँकरचा बचाव सत्र न्यायालयात टिकला नाही.

टँकरची गोष्टसुद्धा क्रमाचीच गोष्ट आहे. ऑरग्रीव्हला सांगितले गेले, की दगड आधी, घोडे नंतर. इथे सांगितले गेले, की टँकर पेटणार होता, म्हणून गोळ्या. फरक एवढाच, की यॉर्कशरमध्ये 'आधी' घडलेली गोष्ट निदान पडद्यावर दिसत तरी होती. घाटकोपरला 'आधी'ची गोष्ट घडलेलीच नव्हती, ती घडणार होती असे सांगितले गेले. जे घडले नाही त्याचे चित्रीकरण कुठून आणणार? आणि ते होणारच नव्हते हे तरी कोण कशाने सिद्ध करणार? त्यासाठी अंतरे मोजावी लागतात, लोक कुठे उभे होते, गोळ्या कुठे लागल्या, गल्लीच्या किती आत लागल्या, हे एकेका माणसाला विचारावे लागते. पटवर्धनांचा कॅमेरा वस्तीत पुन्हापुन्हा जातो तो यासाठी. रोजच्या बातमीला हे परवडत नाही. बातमी त्याच संध्याकाळी जायची असते, आणि संध्याकाळपर्यंत तयार असलेले एकच सुबक निवेदन पोलिसांचे असते. म्हणून पहिल्या दिवशीचा मथळा जवळजवळ नेहमीच त्यांचा असतो. दुरुस्ती आलीच तर कित्येक वर्षांनी येते, तीही आतल्या पानावर.

हे मी कुणा दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. १९९७ मध्ये मी मुलुंडला राहत होते, बारावीत होते. मुलुंडहून घाटकोपर तेव्हा चौथे स्टेशन. त्या दिवशी कॉलेज लवकर सुटले आणि आम्हाला सुट्टीचा आनंद झाला, हे कबूल केलेले बरे. रात्री बातम्या पाहताना बाबा म्हणाले, "टँकर पेटला असता तर अख्खा हायवे उडाला असता. काय करणार पोलीस?" बाबा वाईट माणूस नव्हते. कुणाच्या अध्यातमध्यात नसत, घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीला घरच्यांसारखीच साडी घेत. त्यांना टँकरची गोष्ट पटली कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते. गॅस ज्वालाग्राही असतो, जमाव भडकलेला असतो, गणित सोपे आहे. मलाही पटली. सायन्सची विद्यार्थिनी ना मी!

दोन दिवसांनी कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला माझ्या गटात एक मुलगी होती. आम्ही दोघी वर्षभर एकाच टेबलवर काम करत होतो, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता आणि व्हर्नियरचे वाचन तीच घ्यायची. ती त्या बाजूला राहते एवढेच मला ठाऊक होते. कुणीतरी विषय काढला आणि मी बाबांचे वाक्य जसेच्या तसे म्हटले. वर माझी भरही घातली, किती टन गॅस, किती मोठा स्फोट वगैरे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू बघितलास टँकर?" मी म्हटले, "पेपरात आलंय." तिने व्हर्नियर टेबलावर ठेवला. पुढच्या प्रॅक्टिकलला ती दुसऱ्या गटात होती आणि नंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. का बोलत नाही हे मला तेव्हा खरोखरच समजले नाही. मला वाटले, चर्चेत दोन बाजू असतात, एवढे काय मनाला लावून घ्यायचे!

पंधरा वर्षांनी, इथे, एका मित्राच्या घरी लॅपटॉपवर मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला. तिचा चेहरा त्यात कुठे दिसतो का म्हणून शोधत होते. नाही दिसला.

माहितीपटवाले क्रमाशी खेळत नाहीत असे मी म्हणत नाही. संकलन म्हणजेच क्रम ठरवणे. एका बाईचे रडणे उचलून दुसऱ्या दिवशीच्या दृश्याला जोडता येते, गाणे घालून मधले वर्ष उडवता येते. 'जय भीम कॉम्रेड' बद्दल माझी स्वतःची एक तक्रार आहे. त्या सकाळचा नकाशा आणि घड्याळ मला पडद्यावर अधिक वेळ, अधिक कोरडेपणाने हवे होते. किती वाजता पुतळा, किती वाजता रस्ता अडला, किती वाजता गाडी आली, टँकर किती मीटरवर. गाण्यांनी मन हलते, पण माझ्या बाबांसारख्या माणसाला मीटर आणि मिनिटे लागतात. ही टीका आहे, आणि चर्चेत ती जरूर व्हावी. पण ती 'पोलिसांची बाजू का नाही' यापेक्षा वेगळी टीका आहे. पोलिसांची बाजू त्या चित्रपटाआधी चौदा वर्षे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेली होती. आमच्या घरी ती जेवणाच्या ताटावर आली होती.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे हे सगळे जुने झाले, असे तरुण मंडळी म्हणतील. मला तसे दिसत नाही. आपल्या व्हॉट्सॲपवर येणारी क्लिप तीस सेकंदांची असते, आधीची दहा मिनिटे कापलेली असतात, तारीखही नसते. पोलिसांच्या छातीवरही कॅमेरे आले, पण ते कधी चालू करायचे हे बरेचसे तेच ठरवतात. शिवाय पुरावा म्हणून राखून न ठेवलेले चित्रीकरण इथे साधारणपणे ३१ दिवसांनी पुसले जाते. एखाद्या माणसाला जामीन मिळून, वकील सापडून, अर्ज लिहीपर्यंत ३१ दिवस कधी जातात कळतही नाही. कॅमेरे वाढले, पण मूळ तुकडा कुणाकडे राहतो हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

म्हणून माझी उलटी सूचना अशी. वक्ता बोलवायचाच तर असा बोलवा, ज्याच्याकडे त्या दिवसाची वस्तू आहे. न कापलेली फीत, फोटोंची निगेटिव्ह, जबानीची प्रत, त्या तारखेची डायरी. तो निवृत्त पोलीस असला तरी माझी हरकत नाही, उलट स्वागत आहे. चौकशीपुढे असे लोक आले तर फारच बरे. मते घेऊन येणारा मात्र कुठल्याच बाजूचा नको. आणि आपण दर वर्षी हॉल आणि समोशांवर जो खर्च करतो त्यातला काही भाग जुन्या कॅसेट डिजिटल करून घेण्यासाठी ठेवावा. आपल्यातल्या काही जणांनी १९८० आणि ९० च्या दशकांत मुंबई-पुण्यात मोर्चांमध्ये फोटो काढले आहेत, व्हिडिओ केले आहेत. ते माळ्यावर, खोक्यात, बुरशी धरून पडलेले असणार. व्हीएचएसची फीत तीस-चाळीस वर्षांत खराब होते, हे मी धातूवाली असले तरी खात्रीने सांगू शकते. कॅसेट पाठवताना लेबलवरची तारीख पुसू नका, आणि आधी 'नीट' कापून पाठवू नका. आहे तशी पाठवा.

समितीला तरीही 'दुसरी बाजू' हवीच असेल, तर बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही. रमाबाई नगरच्या वेळची दुसरी बाजू मी स्वतः मांडलेली आहे, सतराव्या वर्षी, फिजिक्सच्या लॅबमध्ये. मला अजून तोंडपाठ आहे. पाच मिनिटे द्या, म्हणून दाखवते, आणि मग कुणीतरी मला तोच प्रश्न विचारा जो तेव्हा तिने विचारला होता.

कार्यक्रमाची तारीख समिती कळवेलच. हॉलचे हीटिंग दुरुस्त झाले आहे असे सांगतात, तरी कोट आणा.